दरमहा

बुलढाण्यात चिखली रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्ल्यांतून दिवस कलल्यावर पायी हिंडू लागले, म्हणजे फाटकांच्या गजांना तारेने बांधलेल्या लहान लहान पत्र्याच्या पाट्या दृष्टीस पडू लागतात. काही रंगाऱ्याकडून वळणदार अक्षरांत लिहून घेतलेल्या, काही घरातल्याच कुणी उरल्यासुरल्या ऑइलपेंटने रंगविलेल्या. परंतु मजकूर बहुधा सारखाच असतो. 'घर किरायाने देणे आहे' अशी पहिली ओळ, आणि तिच्याखाली, जागा पुरेना म्हणून अंमळ दाटीने लिहिलेली दुसरी : 'फक्त नोकरदार कुटुंबास'. गेल्या चैत्रात मी या पाट्या वाचीत फिरत होतो, तेव्हा पहिल्या ओळीपाशी पाऊल थबके आणि दुसरी वाचून होताच पुन्हा चालू लागे. त्यापूर्वी कित्येक वर्षे कामानिमित्त याच गल्ल्यांतून माझी ये-जा झालेली होती. परंतु तेव्हा मी नोकरदार होतो, आणि ज्या अटीत आपण सहज बसतो ती अट सहसा वाचली जात नाही.

ती नोकरी होती खामगावला, एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात, हिशेबनिसाची. खामगाव हे कापसाचे गाव. जलंबपासून तिथवर आगगाडीचा फाटा नेला गेला तो कापसासाठीच, आणि 1870 साली तो सुरू झाला तेव्हा त्या सोहळ्याला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, ही हकीकत तिथली वडीलधारी माणसे अजून अशा थाटात सांगतात की जणू मेयोसाहेबांच्या चहापाण्याची व्यवस्था त्यांच्याच आजोबांकडे होती. आम्ही राहत होतो त्या खोल्या कारखान्याच्या आवारातच होत्या. वर टिनाचे छप्पर, समोर लिंबाचे एक झाड, आणि हंगाम सुरू झाला की दोन्ही वेळच्या जेवणात सरकीचा वास. भाडे पगारातून परस्पर वळते होई. त्यामुळे नोकरी सोडायचे मनाशी ठरल्यावर पहिला खर्च निघाला तो घराचा. कारण ती खोली त्या नोकरीचेच एक अंग होती, आणि राजीनाम्याचा कागद जसा दप्तरात दाखल झाला तशी छपरावरचीही आमची वहिवाट संपुष्टात आली.

नोकरी का सोडली, हे विचारणारे पुष्कळ भेटले. त्याचे समाधानकारक उत्तर मजपाशी नाही. एवढेच सांगता येईल, की दुसऱ्याच्या वह्या लिहायच्याच तर एकाच धन्याच्या का लिहाव्यात, दहा लहान दुकानदारांच्या का लिहू नयेत, असा विचार एकदा मनात शिरला आणि तो पुढे निघता निघेना. जीएसटी आल्यापासून घाटावरच्या व्यापाऱ्यांची विवरणपत्रांपुढे जी त्रेधा उडते ती मी पाहत होतो. बुलढाण्याला कचेऱ्या आहेत, वकील आहेत, कंत्राटदार आहेत; काम तिथे. मुलीची शाळा बदलायची, तर तीही एकदाच बदलावी. तेव्हा आई, पत्नी, मुलगी आणि तीन लोखंडी पेट्या, एवढा संसार घेऊन बोथ्याच्या घाटाने वर चढायचे ठरले.

स्वतंत्र झालेल्या माणसाचा पहिला महिना मोठा चमत्कारिक जातो. पूर्वी महिन्याला कडा होत्या. पहिली तारीख आली की मन आपोआप किंचित सैल होई, वीस-बावीस तारखेपासून ते आखडू लागे, आणि या भरती-ओहोटीची इतकी सवय जडलेली असते की तिलाच आपण काळ समजू लागतो. मुशाहिरा बंद झाला आणि त्या कडाच विरघळून गेल्या. पैसा मंगळवारी आला तर मंगळवार हाच सण, नाहीतर पंधरा दिवस नुसते पंचांगातले. याचा मला जाच वाटला असे नाही; उलट कारखान्याच्या भोंग्याशिवाय उजाडलेल्या पहिल्या सकाळी मी विनाकारण फार वेळ दाढी करीत बसलो होतो. परंतु ही अवस्था ज्याची त्याला कितीही रमणीय वाटो, ती दुसऱ्याला सांगताना तिचे वर्णन 'सध्या काही नक्की नाही' एवढ्या चार शब्दांतच होते, आणि घर भाड्याने मागायला गेलेल्या इसमाच्या तोंडी हे चार शब्द शोभत नाहीत.

घरमालक मंडळी उद्धट मुळीच नव्हती. बसा म्हणत, पाणी देत, एका ठिकाणी तर चहाबरोबर चिवड्याची बशीही पुढे आली. मग प्रश्न येई, तो मात्र सगळीकडे एकच. गाव कोणते, जात कोणती, हे त्यामानाने आडून आणि सावकाश विचारले जाई, समोरासमोर विचारले जाई ते हे : "पगार कोन्या तारखीले होते?" पगार होतो का, किती होतो, हेही नव्हे, तो होतो हे गृहीतच, प्रश्न फक्त तारखेचा. माझ्या उत्तरानंतर जी शांतता पसरे तिच्यात बशीतला चिवडा खाववत नसे. कर्जासाठी बँकेकडे जावे तर तिथेही मागच्या तीन वर्षांची स्वतंत्र व्यवसायाची विवरणपत्रे मागतात. आणि माझा तर व्यवसायच मुळी दोन महिन्यांचा. दुसऱ्यांच्या उत्पन्नाचे दाखले नीटनेटके करून देण्यावर ज्याचे पोट, त्याच्यापाशी स्वतःच्या उत्पन्नाचा कागद नसावा, यातली मौज मला कळत होती. परंतु ती घरमालकाला समजावून सांगण्याजोगी नव्हती.

या गावाची घडणच तशी आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर दोन हजारांहून अधिक फूट उंचीवर हे ठिकाण, हवा थंड. म्हणून गेल्याच्या मागल्या शतकात, 1860 नंतरच्या दशकात, इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे इथे आणले. खाली खामगाव-मलकापूरला बाजार, आगगाडी, काळी जमीन. वर बुलढाण्याला कचेरी. घाटाखाली पैसा पिकावा आणि त्याची नोंद घाटावर व्हावी, अशी ही विभागणी. तेव्हापासून या गावात माणसे आली ती बहुतेक बदलून आलेली. 'स्त्रीपुरुष तुलना' हा 1882 सालचा निर्भय ग्रंथ ज्यांनी लिहिला त्या ताराबाई शिंदे इथल्याच, आणि त्यांचे वडीलही इथे सरकारी कचेरीतच कारकून होते. अव्वल कारकून, नाझर, अभियंते, मास्तर, तलाठी, आरोग्य खात्यातली माणसे, सारी आज ना उद्या जाणारी. आणि त्यांना राहायला म्हणून इथल्या मूळ रहिवाशांनी घरे बांधली ती स्वतःपुरती कधीच बांधली नाहीत. प्रत्येक घराला बाहेरून एक वेगळा जिना, वेगळी मोरी, विजेचे वेगळे मीटर. या गावचा गवंडी पाया खणतानाच किरायदार धरून खणतो.

अशा फिरतीत एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. घरमालकाला दोन गोष्टी हव्या असतात : पैसा स्थिर असावा आणि माणूस अस्थिर असावा. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला भाडे यावे, आणि दोन-तीन वर्षांत बदलीचा हुकूम येऊन भाडेकरूने सामान बांधावे. पगारदार नोकर हा या दृष्टीने आदर्श, कारण त्याचे उत्पन्न स्थावर आणि तो स्वतः जंगम. माझे नेमके उलटे. पैसा कधी येईल सांगता येत नाही, आणि मी मात्र कुठे जाणार नाही. जिथे अशिले जमतील तिथेच मुळे धरणार. म्हणून तर वकिलाला घर द्यायला लोक अधिकच बिचकतात, ही गोष्ट मला एका वकिलानेच हसत हसत सांगितली. वकिलाला घर दिले की भाडे एका बाजूला राहते, दावा दुसऱ्या बाजूने येतो, असा समज. मेहकरला जन्मभर वकिली केलेल्या ना. घ. देशपांड्यांच्या कवितांचे मला वेड. 'शीळ' हा संग्रह मी फाटेपर्यंत वापरला. वकिली आणि कविता, दोन्ही धंदे पहिल्या तारखेशी संबंध नसलेले. आणि ते त्यांनी एकाच गावात बसून केले.

घरमालकांची ही भीती निव्वळ लहरी आहे असेही म्हणवत नाही. 1949 साली मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने घरे भाड्याने देण्यासंबंधी आणि भाडेनियंत्रणासंबंधी जो आदेश काढला, त्याची आठवण इथल्या जुन्या कुटुंबांत अद्याप ताजी आहे. घर रिकामे होणार असे कळले की मालकाने सात दिवसांच्या आत तशी वर्दी सरकारात द्यायची. मग अधिकाऱ्याच्या मर्जीस आले तर ते घर सरकारी नोकराला किंवा फाळणीनंतर आलेल्या निर्वासिताला देवविण्याचा अधिकार त्याला. भाडेकरूला निघ म्हणायचे तर आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी काढायची. प्रांत मोडला, 1956 मध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो, पण तो आदेश जिथल्या तिथे राहिला. 31 मार्च 2000 पासून राज्याचा नवा भाडेनियंत्रण कायदा अमलात आला तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. पन्नास वर्षे ज्या गावात रिकाम्या घराचा पहिला मान सरकारी नोकराचा होता, तिथे आता सरकारचा हुकूम राहिला नसला तरी पाटीवरची दुसरी ओळ राहिली, याचे फारसे नवल वाटू नये.

आणि खरे पाहता न हलणाऱ्या भाडेकरूचा धसका या भूमीने त्याहूनही आधी घेतलेला असणार. सारे वऱ्हाडच एके काळी भाड्याने दिलेले होते. 1853 च्या तहान्वये निजामाने हे मुलूख फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केले. ते परत मिळावेत म्हणून सालारजंगासारख्या मुत्सद्द्याने जिवाचे रान केले, पण ताबा काही सुटला नाही. आणि अखेर 1902 साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत कायमचा पट्टा झाला, वार्षिक भाडे पंचवीस लाख रुपये. धनीपण निजामाचे, वहिवाट इंग्रजांची. पैशाची पूर्ण हमी असलेला आणि जागचा तसूभरही न हलणारा असा भाडेकरू इतिहासात दुसरा झाला नसेल. हे मी एका घरमालकांना चहा पिता पिता सांगितले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले आणि जागा आपल्या मेहुण्याला द्यायचे ठरले असल्याचे कळविले.

घर पाहण्याची माझी रीत आणि पत्नीची रीत यांत फार अंतर. मी ओसरीवर बसून माणसाची परीक्षा देत असे. ती तेवढ्यात आत शिरून घराची परीक्षा घेई. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सकाळचा उजेड येतो की पाठीवर पडतो, मोरीचे पाणी कुठल्या बाजूला धावते, पोटमाळ्यावर पेट्या चढतील काय, हे ती हात न लावता पाही. मालकिणीला विचारायचा तिचा प्रश्नही एकच : "नळ कितव्या दिवशी येतो?" गावाला पाणी येळगावच्या धरणाचे, पैनगंगेचे, आणि उन्हाळा सरता सरता नळाच्या दोन फेऱ्यांमधले अंतर वाढत जाते. ज्या घरी या प्रश्नाचे उत्तर अडखळत येई ते घर, भाडे कितीही सोईचे असो, तिच्यापुरते निकालात निघे. पगाराची तारीख आणि नळाचा दिवस, घरे या दोन प्रश्नांवर ठरतात. पहिला प्रश्न आम्हाला विचारला जाई, दुसरा आम्ही विचारीत असू.

घर शेवटी मिळाले ते पाटी नसलेले. मालक मूळचे घाटाखालचे, जळगाव जामोद तालुक्यातल्या पूर्णेकाठच्या एका खेड्यातले. मुलांच्या शिक्षणासाठी इथे घर बांधले, मुले शिकून पुण्याला गेली, आणि आता हे दोघे वृद्ध खालच्या मजल्यावर राहून पेरणी-कापणीला गावी जाऊन येतात. त्यांनीही तेच विचारले. नोकरी नाही, दुकानदारांच्या वह्या लिहितो, असे मी सांगितल्यावर त्यांनी पानाचा डबा उघडला, अडकित्त्याने सुपारी कातरली, एक खांड माझ्यापुढे केले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुमच्या कामाचा हंगाम कोन्ता?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी सांगितले, की एक जुलैअखेरच्या सुमारास, विवरणपत्रांचा. आणि दुसरा मार्चअखेर, वर्ष बंद होते तेव्हा. मधल्या काळात किरकोळ. "म्हंजे खरीप अन् रबी," ते म्हणाले, आणि पुढचे बोलणे फार सरळ झाले. सोयाबीन विकल्याबिगर आपण तरी कुठे कुणाला पैसा देतो? बियाण्याच्या दुकानाची उधारी हंगामावर फिटते, सालदाराचे साल पाडव्याला ठरते. तर किराया तरी महिन्याच्या महिन्याला कशाला? सहा महिन्यांचा एकदम द्यावा, काम निघाले की. कृतज्ञता दाखवावी म्हणून मी काही बोलू पाहिले, तर त्यांनी मान हलवून सुपारीचा चुरा पिचकारीसह अंगणात सोडला.

हे गृहस्थ दरसाल अक्षय तृतीयेला भेंडवळला जातात. तिथल्या शेतातली घटमांडणी आमच्या जिल्ह्यात सर्वश्रुत आहे : मध्यभागी चार ढेकळे, पावसाच्या चार महिन्यांची, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पापड, कुरडई, भजी, वडा, आणि सभोवार अठरा धान्यांची वर्तुळाकार मांडणी. रात्रभर तिथे कुणी थांबायचे नाही. पहाटे जाऊन पाहायचे, कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते दाणे आत सरकले, कोणते बाहेर फेकले गेले, राजाच्या गादीचा विडा जागेवर आहे की हलला. आणि त्यावरून वर्षाचे भाकीत. मला त्या भाकिताबद्दल मत देण्याचा अधिकार नाही, आणि इच्छाही नाही. ते गृहस्थही, 'खरं होते म्हून नाई, आयकाले बरं वाटते', असे म्हणतात. परंतु एक गोष्ट मला राहून राहून जाणवते. ज्या जिल्ह्यातले जवळजवळ प्रत्येक घर मागे दोन पिढ्या गेले की आभाळाकडे पाहून जगत होते, ज्याची मिळकत चार ढेकळांच्या ओलीवर ठरत होती, त्याच जिल्ह्यात अनिश्चित उत्पन्नाचा माणूस आज संशयास्पद व्हावा, आणि शेतकऱ्याने आपल्या लेकीसाठी, आणि आता भाडेकरूसाठीही, पगारदारच शोधावा! यात दोष कुणाला द्यावा? अनिश्चिततेचे खरे स्वरूप ज्यांनी पाहिले, तेच तिला दाराबाहेर ठेवू पाहतात, असेही असेल.

करारनामा मात्र सरकारी रिवाजाप्रमाणेच झाला. तो लेखी हवा, नोंदविलेला हवा, आणि तशी जबाबदारी मालकाची, असे नवा कायदा सांगतो. मुदत, सगळीकडे असते तशी, अकरा महिन्यांची. कचेरीबाहेर जो लेखनिक बसतो त्याच्या संगणकात मजकूर तयारच होता : लिहून घेणार, लिहून देणार, 'राहणार खामगाव, हल्ली मुक्काम बुलढाणा', आणि 'दरमहा भाडे पाच तारखेच्या आत'. तिथे सहामाही लिहा, असे मालकांनी सुचविले. लेखनिकाने चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिले. "असं कोणी लिहीत नाही, काका. दरमहाच असते." वाद घालण्याइतका वेळ कुणापाशी नव्हता. तेव्हा कागदावर मी दरमहा भाडे देणारा भाडेकरू आहे, आणि कागदाबाहेर मी दोन हंगामांचे कुळ.

त्याच कागदात भिंतींना खिळे ठोकू नयेत अशीही एक शर्त होती, आणि तिच्यामुळे आईपुढे प्रश्न उभा राहिला. शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर तिने घाट चढताना मांडीवर घेतली होती. महाराज 1878 साली शेगावात प्रकटले आणि 1910 मध्ये समाधिस्थ झाले, तोवर त्यांनी स्वतःचे म्हणून घर केलेच नाही. आरंभी बंकटलालाच्या वाड्यात, पुढे भक्त नेतील तिथे. तेव्हा किरायाच्या भिंतीचे त्यांना काही वाटायचे नाही, असे मी म्हटले, तर आई म्हणाली की त्यांना वाटायचे नाही, पण करारात लिहिले आहे त्याचे काय? पूर्वीच्या भाडेकरूने, बदलून गेलेल्या कुणा कारकुनाने, दिवाणखान्याच्या भिंतीत एक खिळा ठेवून दिलेला होता. थोडा तिरका, थोडा वर. महाराज सध्या तिथे आहेत, छताच्या जरा अधिकच जवळ.

यंदा पाऊस लांबला. आषाढ अर्धा सरला तरी घाटाखाली कोरडे. पहिली पेरणी वाया गेल्याची बातमी आली तेव्हा मालक फाटकाशी उभे होते. दुबार पेरावे लागेल, बियाणे पुन्हा उधार, म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमचं कसं काय यंदा?" मी सांगितले, की दोन नव्या दुकानांच्या वह्या आल्या आहेत, एका कंत्राटदाराचे पैसे मात्र वर अडकलेत, बिल निघाले की देतो म्हणतो. "म्हंजे पानी आलं, पन वल नाई गेली खाली," ते म्हणाले. मी त्यावर काही बोलणार, इतक्यात दोन्ही मजल्यांवरून एकदमच हाका आल्या, की नळ आला; आणि ते खालच्या, मी वरच्या मोटारीचे बटण दाबायला धावलो, कारण दोन्ही एका वेळी चालू झाल्या तर ज्याची आधी सुरू होते पाणी त्याचेच.